अक्षराला चार रुपये

पाटी रॉकेलनं पुसून झाली तेव्हा
मेहबूब पेंटर म्हणाला, काकू, अक्षराला चार रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
बोला, काय काय लिहू.

म्हटलं, वडापाव. चार अक्षरं, सोळा रुपये.
खाली पॅटीस. तीन.

तो थांबला. ब्रशवरून लाल रंग हळूहळू खाली येत होता.
नुसतं पॅटीस?
ब्रेडच्या दोन कापांत बटाटा, वरून बेसन,
तळून तिरकं कापलेलं,
आमच्या बार्शीत त्याला ब्रेड पकोडा म्हणतात.

म्हटलं, बार्शीत म्हणू देत. ही नवी पेठ आहे.
इथे हेही पॅटीस,
आणि बेकरीतलं ते पापुद्र्यांचं, शर्टावर सांडणारं, तेही पॅटीसच.
गोंधळ होत नाही.
पुण्यात गोंधळ झाला
तर तो समोरच्याचा असतो.

सकाळी सातला अभ्यासिकांतून
अख्खा महाराष्ट्र स्लिपर घालून खाली उतरतो,
डोळ्यांखाली रात्रीचं राज्यशास्त्र.
नाशिकचा एक लांबडा पोरगा पाववडा मागायचा.
मी वडापाव पुढे केला.
हा नाही काकू, आमच्याकडे पावासकट तळतात.
म्हटलं, म्हणजे कपड्यांसकट आंघोळ.
हसला, आणि दोन खाल्ले.
प्लायवूडवाले खीमजीशेठ दाबेलीला डबलरोटी म्हणतात
आणि डाळिंबाचे दाणे मोजतात.
मडगावची नर्स पावाला उंडो म्हणते,
अंगठ्यानं दाबून बघते,
काही न बोलता परत ठेवते.

माझी आई वेल्ह्याकडची.
तिनं आयुष्यात पाव दोनदा खाल्ला,
दोन्ही वेळा तापात, चहात बुडवून.
तिच्या लेखी त्याचं नाव दवाखाना.
मी पावाची गाडी टाकली हे कळल्यावर
म्हणाली, एवढी माणसं आजारी असतात का गं तिकडं?

मग ती मुलगी.
गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आली,
सॅक छातीशी धरून.
आलुबोंडा आहे का?
म्हटलं, नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाही.
तिसऱ्या दिवशी जरा हळू आवाजात. नाही गं बाई.
कढईत तेव्हा बारा वडे पोहत होते.
चौथ्या दिवशी तिनं विचारलंच नाही,
बोट दाखवलं. ते पिवळं, गोल. एक द्या.
पहिला घास घेतला,
वाफ तोंडात तशीच धरून म्हणाली,
हाच तं हाय वो आलुबोंडा!

तीन दिवस
एक पोर माझ्या कढईसमोर उपाशी उभी होती,
एका शब्दाच्या अंतरावर,
आणि मी खरंच बोलत होते.

सुचिता आत्राम. वणीची.
त्या दिवसानंतर मी लांबूनच ओरडायचे, आलुबोंडा गरम!
रांगेतली पोरं मागे वळून बघायची,
काकूंना काय झालं.
फेब्रुवारीत निकाल लागला.
यादी भिंतीवर होती, मी पण जाऊन बघून आले,
चष्मा नव्हता, दोनदा बघितली.
ती गेली तेव्हा माझी वडे तळायची वेळ होती.
हात पिठात. हात हलवता पण आला नाही धड.

काकू, रंग वाळतोय, मेहबूब म्हणाला.
म्हटलं, बटाटावडा लिही.
आणि खाली, बारीक, आलुबोंडा.
हे इथे कोण मागतं?
कुणी नाही. लिही.
आणखी सोळा रुपये होतील.
होऊ देत.

संध्याकाळी निवृत्त मुख्याध्यापक खांबेटे
पाटीसमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर ढकलून.
लु ऱ्हस्व काढलाय, म्हणाले. दीर्घ हवा.
कुठल्या नियमानं, मी विचारलं.
ते बराच वेळ विचार करत राहिले.
मग त्यांनी एक पॅटीस घेतलं,
पार्सल,
चटणी वेगळी.